घरपोच — पण कोणाच्या घरी?

मैत्रिणींनो,


गेल्या तीन महिन्यांत शहरांतल्या गटांकडून जी पत्रे आली, त्यांत एक विषय सारखा डोकावत होता. तो म्हणजे सुपरमार्केटमधून घरपोच मागवलेला किराणा. तक्रारी एकेकट्या पाहिल्या तर किरकोळ वाटतील. तूरडाळ मागवली आणि 'शिल्लक नाही' म्हणून न विचारता चणाडाळ आली. सकाळी दहा ते बाराची वेळ दिली आणि सामान दुपारी चारला आले. कोबी आतून सडलेला निघाला. एक वस्तू पिशवीत नव्हतीच, पैसे मात्र घेतले गेले. तक्रार करायला जावे तर फोनवर माणूस सापडत नाही, यंत्र तीच ती चार उत्तरे देत राहते. पैसे परत मिळालेच, तर त्याच कंपनीच्या खात्यात जमा होतात, म्हणजे पुन्हा खरेदी तिथेच करायची.

दोघीतिघींनी पत्राच्या शेवटी संकोचाने विचारले आहे, "हा काय आपल्या अंकाचा विषय आहे? बायांवर अत्याचार होत असताना आपण कोबीबद्दल बोलायचे का?" संपादक मंडळातही हाच प्रश्न निघाला. माझे म्हणणे असे की, हा आपलाच विषय आहे आणि तो नीट धरला तर बराच लांब जातो. मी हे गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातून, कचारगडच्या पायथ्याच्या गावांतून लिहिते आहे. इथे किराणा घरपोच देणारी एकही गाडी येत नाही. त्यामुळे शहरातल्या मैत्रिणींची तक्रार मला इथून जरा वेगळ्या कोनातून दिसते.

पहिल्यांदा पत्रांतल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधते. जवळपास प्रत्येकीने पैशांपेक्षा वेळेबद्दल जास्त लिहिले आहे. सामान येणार म्हणून बँकेत जाता आले नाही. गटाची बैठक सोडावी लागली. आंघोळीला जावे की नको असे झाले. चुकीची डाळ आली म्हणून पुन्हा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जावे लागले. घरपोच सेवेची सगळी मांडणीच एका गृहीतकावर उभी आहे, की दार उघडायला घरात कोणीतरी असणारच. ते 'कोणीतरी' कोण, हे सांगायला नको. कंपनीच्या हिशोबात गाडीचे पेट्रोल आहे, गोदामाचे भाडे आहे. दाराशी वाट पाहणाऱ्या बाईचे चार तास कुठेच नाहीत.

हे चार तास फुकट का धरले जातात, याचे उत्तर सरकारच्याच आकड्यांत आहे. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार आपल्या देशात घरातले बिनमोलाचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाचीही नऊ मिनिटे वाचली. या पाच वर्षांत शहरांमध्ये घरपोच सेवेचा केवढा गाजावाजा झाला! 'आता तुमचा वेळ तुमचा' अशा जाहिराती आपण रोज पाहतो. घरकामाची वाटणी मात्र होती तिथेच राहिली. यादी करणे, डब्यात डोकावून काय संपले ते पाहणे, भाव ताडणे, आलेले सामान मोजून घेणे आणि चुकले तर भांडणे ही कामे पूर्वीही बाईची होती. आज ती मोबाइलवर करायची, एवढाच फरक.

आणि तो मोबाइल कोणाचा? एका मैत्रिणीने लिहिले आहे की खाते नवऱ्याच्या नावाने, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, पैसे त्याच्या कार्डावरून. सामान मात्र तिने घ्यायचे. सडलेली भाजी परत करायची तर तो कामावरून येईपर्यंत थांबायचे, आणि तोवर तक्रारीची मुदत संपलेली असते. जिच्या हातात पिशवी पडते तिच्या हातात ना पावती, ना तक्रारीचा अधिकार. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे कायद्याबद्दल बोलताना ती पुन्हा येणार आहे.

आता इकडचे सांगते. कचारगड हे गोंड समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. कली कंकालीची मुले, त्यांना मायेने सांभाळणारी जंगो रायताड आणि त्यांना मार्ग दाखवणारा पारी कुपार लिंगो यांच्या कथा या डोंगरातल्या गुहेशी जोडलेल्या आहेत. दुसऱ्याच्या लेकरांना आपले म्हणून जगवणारी माता जिथे पूजली जाते, त्या डोंगराखालच्या बायांना आपली लेकरे जगवण्यासाठी किती पायपीट करावी लागते, ते पाहिले की मन खिन्न होते.

शहरातल्या पत्रांबद्दल मी इथल्या एका बैठकीत सांगितले. सामान दारात आणून देतात, तरी बाया वैतागतात, याचे सगळ्यांना आधी हसू आले. मग एक वयस्क बाई म्हणाली, "आमच्या दारी फक्त लाईटचं बिल येते, ताई. बाकी सारं आमालेच डोक्शावर आनावं लागते." तिचे बोलणे थट्टेचे होते, पण त्यानंतर बैठकीत जी चर्चा झाली ती थट्टेची नव्हती.

इथल्या बाईचे सुपरमार्केट म्हणजे आठवडी बाजार आणि 'कंट्रोल', म्हणजे स्वस्त धान्य दुकान. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला. २०२३ च्या जानेवारीपासून ते विनामूल्य मिळते. याच कायद्याच्या तेराव्या कलमाने घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख ठरवली. ही तरतूद आपल्याला हवीच होती आणि तिचे आपण स्वागतच केले. पण प्रत्यक्षात कार्डावर नाव बाईचे, म्हणून रांगेतही बाईच, असे झाले आहे.

ही रांग एका दिवसाची नसते. एकदा धान्य आले का ते पाहायला जायचे. आले असेल तर दुसऱ्या दिवशी अंगठा लावायला जायचे. यंत्राला नेटवर्क नसले, 'सर्व्हर डाऊन' असला तर तिसऱ्या दिवशी. रोवणीच्या किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात यातली प्रत्येक खेप म्हणजे एक रोजी बुडाली. त्यातून अंगठा लागला नाही तर? चिखलात धान रोवून, मोहफुले वेचून, भांडी घासून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांनाच यंत्र ओळखत नाही. ज्या हातांनी आयुष्यभर काम केले त्याच हातांना यंत्र म्हणते, हे हात तुझे नाहीत. २०२४-२५ मध्ये घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी करायचे आले, तेव्हा म्हाताऱ्या सासूला आणि लहान लेकरांना घेऊन दुकानापर्यंत जाण्याचे कामही बाईच्याच वाट्याला आले.

सरकारी भाषेत 'द्वारपोच' हा शब्द आहे, हे मैत्रिणींना ठाऊक नसेल. अन्नसुरक्षा कायद्यातही धान्य दारापर्यंत पोचवण्याची गोष्ट लिहिलेली आहे. पण ते दार दुकानदाराचे! सरकारी गोदामातून निघालेला ट्रक स्वस्त धान्य दुकानापर्यंत येतो, तिथे 'द्वारपोच' पूर्ण होते. तिथून पुढचे दोन-चार किलोमीटर आणि पस्तीस किलोंची चुंगडी, ही बाईची मान आणि बाईची कंबर यांच्या हवाली. शहरातली कंपनी बाईचा वेळ हिशोबात धरत नाही, आणि इथे शासन तिचे श्रम हिशोबात धरत नाही. दोन्हीकडे चूक एकच आहे.

"या डोंगरात कोण आणून देणार?" असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर कचारगडच देते. माघ पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण आणि त्याहीपलीकडून भाविक येतात. त्या दिवसांत धनेगावच्या पायथ्याशी बाजार भरतो, पाणी येते, गाड्या येतात, आरोग्य पथक येते. म्हणजे यायला रस्ता आहे. यात्रा उठली की त्या रस्त्याने येण्याची इच्छा तेवढी संपते.

इतर राज्यांत याबाबत प्रयोग झाले आहेत. आमच्या शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आदिवासी विकासखंडांसाठी गावात वाहनाने रेशन नेण्याची योजना सुरू केली. आंध्र प्रदेशाने २०२१ च्या जानेवारीपासून हजारो फिरती वाहने काढली, पण २०२५ च्या जूनपासून ती बंद करून पुन्हा दुकानांतून वाटप आणले. पासष्ट वर्षांवरच्या आणि अपंग व्यक्तींना मात्र घरपोच देण्याची सोय ठेवली. दिल्ली सरकारची घरपोच रेशन योजना २०२२ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने रद्द केली. या अनुभवांतून एवढे शिकावे की गाडी आली म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. गाडी कधी येणार हे कळले नाही तर बाईला रोजी सोडून चौकात उभे राहावेच लागते. म्हणजे शहरातल्या मैत्रिणीसारखीच ती वाट पाहणार. म्हणून वेळ आधी ठरलेली हवी, ती बायांना विचारून ठरवलेली हवी, आणि गाडी चुकली तर दुकानात धान्य मिळण्याची सोय उरलेली हवी.

घरपोच किराणा ही कंपन्यांनी शोधलेली गोष्ट आहे असे नव्या पिढीला वाटते. आपल्या महाराष्ट्रात तिचा दुसराही एक इतिहास आहे. १९७२ मध्ये दुष्काळ आणि महागाईने कंबरडे मोडले, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्यासारख्या निरनिराळ्या पक्षांच्या बाया महागाई प्रतिकाराच्या संयुक्त समितीत एकत्र आल्या. हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रॉकेल हे राजकारणाचे विषय आहेत, हे त्यांनी मुंबईला ऐकवले. त्याच दशकात ग्राहक चळवळ उभी राहिली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिची वाटपाची पद्धत आपण सगळ्यांनी अभ्यासावी अशी आहे. शेजारच्या काही कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, एकत्र घाऊक खरेदी झालेले सामान एका सदस्याच्या घरी यायचे, आणि सगळ्यांनी मिळून ते वाटून घ्यायचे. या कामाचा मोठा भार बायांनीच उचलला. पण ती बाई दाराआड एकटी वाट पाहत नव्हती. तिला डाळीचा दर्जा कळत होता, घाऊक भाव कळत होता, आणि डाळ खराब आली तर बोलायला तिच्याबरोबर दहा घरे होती.

आजच्या घरपोच सेवेने नेमकी ही एकी मोडली आहे. प्रत्येक बाई आपापल्या दाराआड आपापल्या फोनशी भांडते. शेजारणीलाही तीच सडकी भाजी आली होती, हे तिला कळतच नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याशी भांडताना निदान चार बाया ऐकत असत. त्याची उधारीची वही जाचक होती आणि मापातही खोट असे. तरी महिनाअखेरीला पगार झाला नसला तर तो शेरभर तांदूळ देई. यंत्र उधार देत नाही आणि त्याला लाजही वाटत नाही.

आणखी एका माणसाचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तो म्हणजे दारात उभा असलेला पोरगा. आपला सगळा राग त्याच्यावर निघतो. वास्तविक सामान त्याने भरलेले नसते, वेळ त्याने दिलेली नसते, डाळ त्याने बदललेली नसते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली अशा कामगारांची संख्या ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज दिला होता. २०२५ च्या डिसेंबरअखेर देशात ठिकठिकाणी या कामगारांनी संप केला. दहा मिनिटांत सामान पोचवण्याची सक्ती बंद करा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. आपण फोनवर एक तारा कमी दिला की त्याचे काम, त्याची कमाई कमी होऊ शकते, आणि ज्या कंपनीने चूक केली तिला काहीच होत नाही. या कामात बाया अजून थोड्या आहेत. रस्त्यावर संडासाची सोय नाही, रात्रीच्या फेऱ्यांत सुरक्षितता नाही, हे त्याचे उघड कारण. आमच्या भागातली तरुण पोरे नागपूर-रायपूरकडे कामाला जातात. तुमच्या दारात उभा असलेला पोरगा अशाच कुठल्या गावातल्या, डोक्यावर चुंगडी वाहणाऱ्या बाईचा मुलगा असू शकतो. त्याच्या आईला 'द्वारपोच' नाही आणि त्याला दारात पाणी विचारणारे कोणी नाही.

मग करायचे काय? रागाला वाट हवी आणि ती कायद्यात थोडीफार आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू आहे. त्याच महिन्यात ई-वाणिज्याचे नियमही आले. त्यांनुसार अशा प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क जाहीर केला पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि एक महिन्यात निवारण केले पाहिजे. न मागितलेली वस्तू यादीत गुपचूप सरकवणे, शेवटच्या क्षणी जादा आकार लावणे असल्या युक्त्यांना २०२३ च्या नोव्हेंबरमधल्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातूनच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. खाते नवऱ्याच्या नावावर असलेल्या मैत्रिणीने हे मुद्दाम वाचावे. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीसुद्धा या कायद्यात ग्राहकच आहे. तक्रार तुम्ही स्वतः करू शकता.

रेशनची वाट वेगळी. तिथे हेल्पलाइन १९६७ आहे आणि अन्नसुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे. दुकान पातळीपासून राज्यापर्यंत दक्षता समित्या नेमाव्यात आणि त्यांत स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, निराधार व अपंग यांना प्रतिनिधित्व द्यावे, असे एकोणतिसावे कलम सांगते. हक्काचे धान्य मिळाले नाही तर अन्नसुरक्षा भत्ता मिळण्याची तरतूद आठव्या कलमात आहे. आधार जुळत नाही म्हणून कोणालाही धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यांना कळवले होते. 'अंगठा लागत नाही' म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येक बाईची नोंद गटाने वहीत करावी. तारीख, दुकान, किती फेऱ्या, किती रोजी बुडाली, एवढे लिहिले तरी पुरे. तहसीलदारांपुढे बोलताना अशी वही फार उपयोगी पडते, हा माझा अनुभव आहे.

शहरी गटांना माझी तीन कामे सुचवावीशी वाटतात. एक, आपल्या इमारतीतल्या, वस्तीतल्या बायांच्या तक्रारी एकत्र करून एकाच कागदावर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. सुट्या तक्रारीला यंत्र उत्तर देते, पन्नास सह्यांना माणसाला उत्तर द्यावे लागते. दोन, तक्रार कंपनीची करा, पोराची नको. वस्तू त्याच्या समोर उघडून फोटो काढा, पण तारे कापू नका. तीन, घरातल्या पुरुषांना आणि मुलग्यांना यादी करायला, सामान घ्यायला, तपासायला बसवा. दार उघडणे हे काही गर्भाशयाने करायचे काम नव्हे!

आणि आपल्या सगळ्यांची मिळून एक मागणी असावी. म्हाताऱ्या, एकट्या, अपंग, गरोदर आणि ओल्या बाळंतिणींना रेशनचे धान्य घरापर्यंत, आणि दुर्गम पाड्यांना ठरल्या दिवशी पाड्यापर्यंत पोचले पाहिजे. हे पोचवण्याचे काम गावातल्या बचत गटांना द्यावे, आणि त्याची रीतसर मजुरी द्यावी. 'सेवा' म्हणून फुकट राबवून घेणार असाल तर ती योजना आम्हाला नको, हेही त्याच निवेदनात लिहावे. आशा आणि अंगणवाडीच्या मैत्रिणींच्या मानधनाची लढाई आपण पाहतोच आहोत.

येत्या अंकासाठी आपल्या गटाने केलेल्या नोंदी पाठवा. शहरातल्या मैत्रिणींनी सामानाची वाट पाहण्यात गेलेले तास लिहावेत, गावातल्या मैत्रिणींनी कंट्रोलच्या फेऱ्यांत बुडालेल्या रोज्या. दोन्ही याद्या आपण शेजारी शेजारी छापू. एकीला दुसरीची यादी वाचता आली, तर निवेदनावर सह्या दोघींच्या होतील.

आपली,
संपादक मंडळाकरिता